ताईच्या संत्र्याची माती

"तिले एकदा घरातून काढली, आता बादलीतून बी काढतं काय तू?"

माय फरशीवर फतकल मारून बसली होती. बादली दोन्ही हातानं पोटाशी धरून. मी समोर खुरपं घेऊन उभा.

"माय, बाजूले हो."

"नाई होत."

"झाड मरून राह्यलं."

"मरू दे. तिच्या संग मरू दे. पन माती हालू देनार नाई मी."

"माती नाई बदलली त पक्कंच मरन. लखीरामदादानं सांगतलं ना."

"अन् राख कोनं टाकलती? तूनंच ना? टाकली बी तूनं अन् काढतं बी तूच. तिले काय खेळनं समजला काय रे?"

हे तिनं म्हनाले नाई पाह्यजे होतं. माह्या हातातलं खुरपं कसं सुटलं मले माहीत नाई. फरशीवर पडलं अन् एक कपचा उडाला. वरच्या मजल्यावरून घरमालकीन बसंतीबाईनं डोकं काढलं. "मथुरा, फरशी नको फोडू देऊ वं पोराले. माह्यं घर हाय ते."

"नाई फोडत बाई," माय म्हने. बादली तिनं सोडली नाई.

मी गेट आपटून बाहेर गेलो.

आता सरळ सांगतो. त्या बादलीत माही बहीन हाय.

साधना तिचं नाव. माह्याहून चार वर्षानं मोठी. आमच्या बौद्ध लोकांत आता बरेच जन अस्थी नदीत नाई टाकत. खड्डा करतेत, राख टाकतेत, वर झाड लावतेत. माह्या आज्याचं असंच आंब्याचं झाड हाय फुलसावंगीले, चुलत्याच्या वावरात. पन आमच्याजवळ कुठी वावर हाय. घाटंजीत दोन खोल्या भाड्याच्या अन् आंगनात फरशी. मंग ताईचं झाड बादलीतच होतं, तिनंच लावलेलं, त्यातच तिले टाकली. बाबा घरं रंगवते. बादली त्याचीच, वीस लिटरची, काठाले अजून गुलाबी रंग वाळलेला.

राख भराच्या दिवशी फकिराकाका म्हनत होता, "बापू, मूठभर टाक. झाड लहान हाय. बाकीची नदीत सोडू."

मी त्याच्यावर खेकसलो. "नदीत सोडाले ती काय कचरा हाय?"

माह्या तोंडाले कोन लागन. मी बादलीतली अर्धी माती उकरून काढली, मुळ्याच्या चारी बाजूनं राख भरली, सगळी, गाठोडं झटकून झटकून, अन् वरून माती दाबली. मले वाटलं, मी लय मोठं काम केलं. माय रडत होती अन् माह्याकडे अशी पाहे जशी मीच तिले परत आनून राह्यलो.

ताई नर्सरीत कामाले जाये. गावाबाहेर, पारव्याच्या रोडले. पहिले पिशव्या भराचं काम होतं, मंग लखीरामदादानं तिले डोळे बांधनं शिकवलं. लखीरामदादा तांड्यावरचा बंजारी मानूस, साठीच्या पुढचा, तोंडात सदा काडी. डोळा बांधनं म्हंजे असं का, जंबेरीचं रोप घेतेत. जंबेरी जंगली, काटेरी, तिचं फळ कोनी तोंडात घेत नाई. पन मुळ्या तिच्या मजबूत. तिच्या खोडावर चाकूनं साल चिरतेत, त्यात संत्र्याच्या फांदीचा एक डोळा, म्हंजे कोंब फुटाची जागा, सालीसकट काढून बसवतेत अन् वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतेत. एकवीस दिवसानं पट्टी सोडतेत. डोळा हिरवा राह्यला त जमलं, काळा झाला त गेला. मंग वरचं जंबेरीचं डोकं छाटतेत अन् संत्रा फुटते. पाय जंगली, डोकं गोड.

हे झाड ताईचा पहिला जमलेला डोळा. पह्यल्या दिवशी तिनं वीस बांधले, एकोनीस काळे झाले. लखीरामदादानं विसावा तिच्या हातात देल्ला अन् म्हने, "हे घरी नेय बाई, इथं ठेवलं त मालक समजन का मीच इतका बेकार शिकवतो."

रोज संध्याकाळी ती बादलीजवळ बसे. बांधलेल्या जागेच्या खालून जंबेरीचे कोंब फुटतेत, ते अंगठ्यानं खुडून टाके. मी म्हनो, "काहून तोडतं? हिरवं त हाय."

"हे जंगली हाय दीप्या. खालून जे फुटलं ते आपलं नाई. ठेवलं त वरचं सगळं खाऊन टाकते."

"मले शिकव ना."

"तुह्याच्यानं सुईत दोरा ओवल्या जात नाई. दहावीत सरच्या अंगावर पुस्तक फेकनारा मानूस डोळा बांधन काय?"

पुस्तक मी फेकलं होतं. मंग शाळेत गेलोच नाई. ती गोष्ट येगळी.

ताईले सिकलसेल होता, रक्ताचा आजार. लहानपनापासून. थंडीत तिचे गुडघे असे दुखत का रात्ररात्र माय चोळत बसे. मले बी अर्धा हाय म्हनतेत, पन माह्यं काही दुखत नाई. श्रावनात तिच्या छातीत दुखाले लागलं. यवतमाळले नेताना ॲटोत तिचं डोकं माह्या मांडीवर होतं. मले वाटलं, काही सांगन. ती म्हने, "बादलीत पानी साचू देऊ नको दीप्या. मुळ्या सडतेत." तिसऱ्या दिवशी गेली. एकवीस वर्षाची होती.

पानी मी साचू देल्लं नाई. रोज पाहो. दिवाळीच्या आधी मले दिसलं का नवीन पानं पिवळी येऊन राह्यली. नुसती पिवळी नाई, शिरा हिरव्या अन् मधातलं सगळं पिवळं, जसं कोनी वहीवर हिरव्या पेनानं रेघा मारल्या. मातीवर पांढरी पापडी धरली होती. मायले दिसलं नाई. माय पानाकडे पाहेच ना, मातीकडे पाहे. सकाळी बादलीजवळ मेनबत्ती लावे अन् सांगे, आज तुह्या बाबाले काम भेटलं, आज दीप्या कोनाशी भांडला नाई. मी भांडलो असलो तरी असंच सांगे.

मी चार पानं खिशात टाकून नर्सरीत गेलो. लखीरामदादानं एक पान उन्हाकडे धरलं.

"राख टाकतं काय रे?"

मी बाजूच्या वाफ्याकडे पाहाले लागलो.

"चुलीची राख वांग्याले चालते, मिरचीले चालते. संत्र्याले चालत नाई बापू. माती खारवते. झाडाच्या पोटात काही जातच नाई मंग. कोनं टाकली? मायनं?"

"मी."

"किती?"

"सगळी."

"सगळी म्हंजे?"

मंग त्याले समजलं. त्यानं तोंडातली काडी काढली. बराच वेळ पान बोटात फिरवत राह्यला. मंग म्हने, "माती पूरी बदला लागते. मुळ्या धुवा लागतेत. त्याच्या पहिले फांदीचे डोळे काढून ठेवू. झाडाचा भरोसा नाई आता. मी येतो."

त्या सकाळी भांडन झालं ते याच्यावरून. मी गेट आपटून गेलो अन् दुपारी वापस आलो तेव्हा माय तशीच बसून. चूल पेटली नव्हती. बाबा कामावरून लवकर आलता, हाताले पांढरा रंग. लखीरामदादा बी येऊन बसला होता, बाजूले सहा पिशव्या, त्यात जंबेरीची रोपं, पेन्सिलीएवढ्या जाडीची.

बाबा कमी बोलते. ताई गेल्यापासून त आनखीनच. तो मायच्या बाजूले उकिडवा बसला अन् म्हने, "मथुरा, डोळा तिनं बांधला. राख यानं टाकली. यातलं काय ठेवाचं, सांग."

माह्याकडे त्यानं पाह्यलं बी नाई. मले ते वाक्य अजून लागते.

मायनं बादलीवरचे हात काढले. "माती बाहेर नाई जानार," म्हने. "एक कन बी. पानी बी नालीत नाई सोडाचं."

"नाई सोडत याडी," लखीरामदादा म्हने. त्यांच्यात मायले याडी म्हनतेत. हा मानूस मायहून वीस वर्षानं मोठा, तरी याडी म्हने.

पहिले त्यानं झाडाची एक फांदी छाटली, गोल, हिरवी, सहा डोळ्याची. ओल्या फडक्यात गुंडाळली. मंग मायनं तिचं धुतलेलं लुगडं फरशीवर अंथरलं. आम्ही बादली आडवी केली, बुडाले थापा मारल्या, अन् सगळा गोळा बाहेर आला. वास आला, सडक्या पाल्यासारखा. खालच्या मुळ्या काळ्या, हात लावला का साल निघून येये, आत तार राहे. पांढरी मुळी म्हनशीन त बोटावर मोजन्याइतकी.

घमेल्यात पानी घेऊन मी मुळ्या धुतल्या. पानी करडं झालं. राख मुळ्याच्या गुंत्यात अशी बसली होती का बोटानं काढा लागे. एक कपचा हाताले लागला, नखाएवढा, पांढरा. मी पाह्यला अन् मुठीत धरला. मायनं मूठ पाह्यली. हात पुढं केला. मी देल्ला. तिनं तो पदराच्या टोकाले बांधला अन् गाठ दोनदा ओढली.

सडक्या मुळ्या लखीरामदादानं छाटल्या. दुसऱ्या बादलीले बाबानं खाली खिळ्यानं भोकं पाडली. नर्सरीतून आनलेली माती, पालापाचोळ्याचं खत, थोडी रेती. झाड त्यात बसवलं. पहिल्यापेक्षा लय बारीक दिसे. जसं दवाखान्यातून आनलेलं मानूस.

घमेलं मायनं डोक्यावर घेतलं अन् विहारात गेली. विहाराच्या मांगं पिंपळ हाय. पिंपळाले काही होत नाई, त्यानं कितीबी पचवलं. मातीचं लुगडं बाबानं उचललं. दोन खेपा झाल्या. मी मांगं मांगं गेलो पन आत नाई गेलो. पिंपळाच्या बुडाशी माय हातानं माती पसरून राह्यली होती. घाई नव्हती तिले.

वापस आलो त लखीरामदादा म्हने, "चाल, डोळे बांधू. तू बांध सगळे."

"मी? माह्याच्यानं नाई होनार दादा."

"तुही बहीन बी असंच म्हने."

"कोनाबद्दल? तिच्याबद्दल का माह्याबद्दल?"

"तुह्याबद्दल," तो म्हने, अन् हसला. मले बी हसू आलं. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मंग लय खराब वाटलं.

पहिला डोळा काढतानाच मी अंगठा कापला. लखीरामदादानं पानी टाकलं अन् म्हने, पुढचा. साल चिराची उभी, मंग आडवी, चाकूच्या मांगच्या बाजूनं हलकेच उचलाची, डोळा आत सरकवाचा, तोंड वर. उलटा बसवला त उलटा फुटते का मरते. पट्टी खालून वर गुंडाळाची, डोळा झाकून, ताईट, पन गळा दाबल्यासारखी नाई. सहा डोळे बांधाले मले दोन तास लागले. तो पाचशे बांधते दिवसाले.

जाताना त्यानं बजावलं. "दोन गोष्टी. एकवीस दिवस पट्टीले हात नाई लावाचा. अन् पट्टीच्या खालून काही फुटलं का खुडाचं. ते जंबेरीचं."

एकवीस दिवस माह्यासारख्याले लय होतेत. मी रोज पिशव्याजवळ बसो. पट्टी धुरकट, आतलं दिसे ना. नवव्या दिवशी माह्याच्यानं राहवलं नाई. माय विहारात गेलती. मी एका पिशवीची पट्टी सोडली, फक्त पाहाले. डोळा हिरवा होता. कडा नुकत्याच चिकटून राह्यल्या होत्या. मी लगेच वापस बांधली, पन तोवर हवा लागली. तीन दिवसात काळा. कोनाले सांगतलं नाई. लखीरामदादाले त पट्टीची गाठ पाहूनच समजलं असतं, पन तो आला नाई, तांड्यात कोनाचं लग्न होतं.

बादलीतल्या झाडानं पानं टाकली. पहिले खालची, मंग सगळी. मी नखानं साल खरवडून पाहो, हिरवं हाय काय. वरून सुरू केलं, रोज थोडं खाली. एक दिवस बांधाच्या जागेवर आलो, तिथं ताईनं चिरलेलं अजून दिसे, इंग्रजी टी सारखं, थोडं वाकडं. तिथंबी भुरकट. त्याच्या खाली मी खरवडलं नाई.

मायले म्हटलं, "गेलं."

मले वाटलं, रडन, शिव्या देईन. ती म्हने, "त्या पिशव्यात हाय ना अजून?"

"हाय."

"मंग झालं."

मेनबत्ती ती आता पिशव्याजवळ लावे. सहाही पिशव्याले सारखीच सांगे, आज अमुक झालं, आज तमुक. शेजारच्या बायांले सांगून ठेवलतं तिनं, एकवीस दिवसानं साधना येते.

आज एकविसावा दिवस.

सकाळी थंडी होती. माय आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून आली. बाबानं कामावर जाता जाता पिशव्या ओळीनं लावल्या अन् निंघून गेला. त्याले पाहाचं नव्हतं. मी ब्लेड घेऊन बसलो, माय समोर.

पहिली मीच खोललेली. काळी. दुसरी काळी. तिसऱ्या पिशवीतला डोळा बोट लावल्याबरोबर गळून पडला. चौथ्यात पानी शिरलतं, पट्टी ढिली बांधल्या गेलती. पाचव्यात मी डोळा उलटा बसवला होता. तोंड खाली. इतका वेळ माह्या ध्यानात नाई आलं, अन् म्हने मले सगळं दिसते.

सहावी हातात घेतली त पट्टी खोलाच्या आधीच माय पुढं सरकली.

"दीप्या. हे काय रे?"

हिरवा कोंब होता. तांदळाच्या दान्याएवढा, चकचकीत, दोन बारीक पानं उघडून राह्यली होती. पट्टीच्या खाली. अंगठाभर खाली. पानाच्या बुडाशी काट्याचं टोक होतं, मऊ, अजून काटा झालेला नाई. मी पट्टी सोडली. वरचा डोळा काळा होता. मी तो अंगठ्यानं झाकला.

माय कोंबाकडे पाहून राह्यली होती. हात लावत नव्हती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी श्रावनापासून पाह्यलं नव्हतं.

"आली ना रे?" ती म्हने. "सांग ना. हेच ना ते?"

मी आतापर्यंत तोंडावर बोललो. सरले, फकिराकाकाले, बसंतीबाईले, मायले बी. जे दिसलं ते बोललो. माह्या अंगठ्याखाली तो काळा डोळा होता, अन् ताईचं बोलनं कानात, खालून जे फुटलं ते आपलं नाई.

"हो," मी म्हटलं. "आली."

मायनं पदराचं टोक डोळ्याले लावलं. तो कपचा ती रोज नेसल्या लुगड्याच्या पदराले बांधे, आजबी त्या टोकाले गाठ होती. मंग उठून वर आवाज देल्ला, "बसंतीबाई, आली वं." बसंतीबाई जिन्यातून खाली आली, पाह्यलं अन् म्हने, "बाई बाई, कशी नाजूक." बाबाले फोन लावाले सांगतला. मी लावला नाई. म्हटलं, रेंज नाई.

मंग मी मायले सांगतलं का पिशवी नर्सरीत न्या लागते. थंडी हाय, इथं करपून जाईन. हिरव्या जाळीखाली ठेवा लागते, महिनाभर.

"महिनाभर?"

"मंग आनतो ना."

"मी येऊन पाहीन मधात."

"नको येऊ. मालक कोनाले येऊ देत नाई." हे बी खोटं.

नर्सरीत पंपाच्या बाजूले जुन्या संत्र्याची ओळ हाय, त्यातलं तिसरं झाड. ताईनं तिच्या पहिल्या वीस डोळ्याची फांदी त्याच झाडाची छाटली होती, लखीरामदादानंच सांगतलं मले. त्याची एक फांदी मागतो, तिचा डोळा याच पिशवीत बांधतो. या जंगली कोंबाच्या वर, काळ्या डोळ्याच्या मांगच्या बाजूनं, अजून एक चिरा बसते. साल सुटन का नाई या थंडीत, माहीत नाई. माह्या हाताचा भरोसा सहापैकी शून्य हाय. अन् जमला तरी तो ताईनं बांधलेला नसन. तिच्या हातचं आता कुठंच काही नाई, तिचं म्हनशीन त पिंपळाखालची माती अन् मायच्या पदरात नखाएवढं हाय.

लखीरामदादा शिव्या देईन. देऊ दे. एक घंटा त देईन, मंग चाकू देईन.

मी सायकल काढली त मायनं आतून ताईची जांभळी ओढनी आनली. पिशवीभोवती गुंडाळाले लागली, खालून वर, घाई न करता, कोंब तेवढा मोकळा ठेवून.

"पिशवीले कायले ओढनी, माय?"

"तिले थंडीत गुडघ्याचा त्रास हाय ना."

मी हँडल धरून उभा हाय. तो कोंब ओढनीतून बाहेर पाहून राह्यला, काट्याचं टोक अजून कोनाले दिसत नाई. दोन दिवसात दिसन. माय फाटकात उभी राहून म्हनून राह्यली, जाय बापू, ऊन चढाच्या आत पोहोच. आता मले निंघा लागते.